साडेबारा टक्क्यांचे गणित

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मला लोकनेते दि. बा. पाटील यांच्याविषयी लिहायचे आहे. ते उरण तालुक्यातल्या जासईचे, आपल्या शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. पण आमच्या वर्गात बहुतेक मुले नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांची. घरी पाटीलसाहेबांचे नाव निघाले नाही असा आठवडा जात नसे.

आमच्या आजोबांच्या पिढीला कूळकायद्याने जमीन मिळाली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, कुळे जमिनीची मालक झाली तो दिवस. त्याच वर्षी दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार म्हणून पनवेलमधून पहिल्यांदा निवडून आले. त्यांच्यामागे अलिबागजवळच्या चरी गावात खोतांविरुद्ध झालेल्या शेतकरी संपाची परंपरा होती. कसेल त्याची जमीन, हे लाल बावट्याचे सांगणे कुठे खरे होऊ लागले होते, तोच १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. खाडीकडची आमची भातशेती त्यातच गेली.

इथे दि. बां.चे मोठेपण दिसते. शहर नको, असे ते म्हणाले नाहीत. ज्याच्या शेतावर शहर उभे राहते, त्याला त्या शहरात वाटा हवा, ही त्यांची मागणी. नुसता मोबदला हातात ठेवून त्याला बाजूला करू नका. डाव्या विचाराचा इतका रोकडा अर्थ मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्याच वर्षअखेर देशभर काँग्रेसची लाट असताना आपल्या लोकांनी दि. बां.ना लोकसभेत पाठवले.

१९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली, तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी पुस्तक मिटून फळ्यावर हिशेब मांडला. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. "आता आपापल्या घरचा सातबारा आठवा आणि करा," असे म्हणून ते बाकांमधून फिरत राहिले. शेकडेवारी मला त्या तासाला समजली. पुढे सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन प्रत्यक्षात साडेतीन गुंठेच हातात येतात, हे घरी सिडकोचा कागद आला तेव्हा कळले. तरीही त्या तुकड्यावर आमची भावंडे शिकली.

उतारवयात ते शेकाप सोडून शिवसेनेत गेले. ते मला पटले नाही, आजही पटत नाही. पण नवी मुंबई विमानतळासाठी जमिनी गेलेल्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले, त्याची वाट त्यांनीच पाडली होती. विमानतळाला त्यांचे नाव मिळावे म्हणून २०२१ च्या मानवी साखळीत मीही उभा होतो. कुटुंबे वाढली तशी प्रकल्पग्रस्तांनी गावात गरजेपोटी विनापरवाना बांधलेल्या घरांचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोच आहे.

शाळेला एक विनंती आहे. गावातल्या ज्येष्ठांकडे भूसंपादनाच्या नोटिसा, निवाडे, जुने सातबारे अजून पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. ग्रंथालयाने त्यांच्या प्रती काढून एक कपाट त्यासाठी राखावे. आमच्या घरचे कागद मी दिवाळीच्या सुटीपूर्वी आणून देतो.