एम.कॉम.ला अकाउंटिंग घेताय? मार्क नेमके कुठे गळतात ते बघा

नागपुरात बी.कॉम.चा निकाल लागला की बरेच जण एम.कॉम.चा अर्ज ‘असू दे सोबत’ म्हणून भरून टाकतात. सीए चालू असतं, नाहीतर बँकेची तयारी. तोवर एक डिग्री होऊन जाईल असा हिशेब. हरकत नाही, पण मग ५५ टक्के हा आकडा विसरू नका. प्राध्यापकीसाठी नेट द्यायची तर खुल्या प्रवर्गाला एम.कॉम.ला तेवढे लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. ५४ वर अडकलेली डिग्री भिंतीवर लावायला बरी. आणि सीए होणारच असेल तर नेटसाठी एम.कॉम.ची गरजच नाही. २०२१ पासून यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांना त्यासाठी पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानते. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) चालू असताना एम.कॉम. करणाऱ्यांनी फॉर्म ११२ भरून सीए संस्थेची परवानगी घ्यायची असते, हे मात्र सर्रास राहून जातं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात दोन वर्षांचे ८८ क्रेडिट आहेत. त्यातले संशोधन पद्धतीचे ४, ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ आणि प्रोजेक्टचे १०, मिळून १८. म्हणजे डिग्रीचा पाचवा हिस्सा अशा कामांत आहे, जी पोरं शेवटच्या आठवड्यात उरकतात.

आधी पेपरचं बोलू. कन्सॉलिडेशनची, म्हणजे मुख्य आणि सहायक कंपनीचे हिशेब एकत्र करण्याची, सगळ्यांना धास्ती, पण चुका ठरलेल्याच असतात. एएस २१ (त्यासाठीचं अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे एक गणित धरा. मुख्य कंपनीने सहायक कंपनीचे ८० टक्के शेअर १० लाखांना घेतले. सहायक कंपनीचं भांडवल ८ लाख, खरेदीच्या दिवशी रिझर्व्ह २ लाख, वर्षअखेर ३ लाख. गुडविल (हिश्श्याच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे) काढताना खरेदीच्या दिवसाचेच आकडे घ्यायचे: भांडवल आणि रिझर्व्ह मिळून १० लाख, त्यांचे ८० टक्के म्हणजे ८ लाख, गुडविल २ लाख. ताळेबंदावर ३ लाख छापलेले दिसतात म्हणून तेच उचलले की गुडविल १ लाख २० हजार येतं आणि पुढचं सगळं घसरतं. मायनॉरिटी इंटरेस्ट (बाहेरच्या भागधारकांचा २० टक्के हिस्सा) मात्र वर्षअखेरच्या ११ लाखांवर, २ लाख २० हजार. खरेदीनंतर वाढलेल्या १ लाख नफ्यातले ८० हजार ग्रुपच्या रिझर्व्हला.

दुसरी चूक स्टॉक रिझर्व्हची, म्हणजे ग्रुपमध्येच पडून असलेल्या मालातला नफा वगळण्याची. मुख्य कंपनीने मूळ खर्चावर २५ टक्के नफा लावून विकलेला ६०,००० चा माल सहायक कंपनीकडे पडून आहे. नफा १५,००० नाही, १२,०००. मूळ खर्चावर पाव म्हणजे विक्रीवर पाचवा हिस्सा. हे आठवीचं गणित आहे आणि एम.कॉम.ला चुकतं. वर्किंग नोट्स वेगळ्या पानावर, क्रमांक देऊन लिहा. उत्तर जुळलं नाही तरी तपासणाऱ्याला पायऱ्यांचे मार्क देता येतात.

पुस्तकाबाहेर बघायचं तर लांब जायला नको. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची शंभर टक्के मालकीची कंपनी, तिथे मायनॉरिटी इंटरेस्टचा प्रश्नच येत नाही. सोलर इंडस्ट्रीजचा वार्षिक अहवाल उघडून स्टँडअलोन (एकट्या कंपनीचा) आणि कन्सॉलिडेटेड (सगळ्या ग्रुपचा) ताळेबंद शेजारी ठेवा. कोणते आकडे बदलले, कोणते तसेच राहिले, एवढं एका दुपारी शोधलं तरी गाइडपेक्षा जास्त कळतं.

ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे किमान १२० तास. सीएच्या ऑफिसात जात असाल तर महिन्याच्या १४ ते २० तारखांना हजर राहा. १४ ला जीएसटीआर-२बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटचं पत्रक) येतं, २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदी रजिस्टर आणि २बी जुळवण्याचं काम मागून घ्या. पहिल्याच दिवशी व्हीलुकअप (एक्सेलमधलं जुळणी शोधणारं सूत्र) अर्ध्या ओळींना ‘सापडलं नाही’ म्हणतो. सप्लायरने बिल नंबर ‘०१२५’ टाकलेला असतो, एक्सेल पुढचं शून्य खाऊन १२५ करतो. कॉलम आधीच टेक्स्ट करा, जीएसटीआयएन (सप्लायरचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर जोडून एक चावी बनवा. तरीही जे उरतं त्याची कारणं बहुधा अशी: सप्लायरने रिटर्न उशिरा भरलं, तो तिमाही भरणारा आहे, क्रेडिट नोट नोंदवायची राहिली, किंवा एकाचं बिल दुसऱ्याच्या जीएसटीआयएनवर चढलं. प्रत्येक फरकापुढे कारण लिहा. तोच तुमचा अहवाल.

प्रोजेक्टला ‘शंभर ग्राहकांची प्रश्नावली’ नकोच. गूगल फॉर्म मित्रमैत्रिणीच भरतात आणि शेवटी पाय चार्ट उरतात. त्यापेक्षा कळमन्यातल्या एखाद्या अडत्याचं किंवा हिंगण्याच्या छोट्या कारखान्याचं खेळतं भांडवल घ्या. पाच वर्षांचे ताळेबंद मिळत असतील तरच. विषय ठरवून मग आकडे शोधू नका, आकडे हातात आले की विषय ठरवा. उचलेगिरीची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं.

सीताबर्डीवर आयकराचं जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी थांबा. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष ही जोडी जाऊन ‘कर वर्ष’ आलं, तोंडपाठ असलेलं ८०सी आता कलम १२३ मध्ये आहे. तुमच्या सेमिस्टरचा पेपर कोणत्या कायद्यावर आहे हे कॉलेजात विचारा, मगच पैसे काढा.