पाऊण इंचाची दुर्बीण

सासऱ्यांची पॉइंट टू टू (.२२ इंची काडतुसाची) रायफल कागदपत्रांसकट माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावरची दुर्बीण तिच्याच वयाची असणार हे मी गृहीतच धरलं होतं. दोन्ही सारख्याच काळपट, दोन्हींना जुन्या तेलाचा तोच वास. रायफल विंचेस्टरची, मॉडेल ६७. एका वेळी एकच काडतूस, आणि बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, बंद केल्यावर मागचं बोंड हाताने ओढून कॉक करायचं, म्हणजे झाडायला सज्ज करायचं. सिरियल नंबर शोधायला गेलो तर तो नाहीच. अमेरिकेत १९६८च्या कायद्याने नंबर सक्तीचा झाला, त्याआधीच्या कितीतरी स्वस्त पॉइंट टू टू बिननंबरी आहेत. हे मॉडेल १९३४ ते १९६३ निघत होतं. माझीच्या लाकडाला पुढे बोटं बसायला लांबट खाच आहे, ती सुरुवातीच्या वर्षांची खूण. म्हणजे रायफल दुसऱ्या महायुद्धाआधीची, तर दुर्बीणही युद्धाआधीची. झालं, संपला विषय!

दुर्बिणीच्या नळीवर मात्र कंपनीचं नाव दिसेना. रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि उत्साहाच्या भरात दुर्बिणीच्या नळीला पितळेची पॉलिश लावली. अक्षरं उमटली नाहीत; अंगठ्याएवढं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, तेवढं निघालं आणि खालून पांढरं पोलाद वर आलं. ते तसंच आहे अजून. बघितलं की जीव हळहळतो.

मग शहाण्यासारखा व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाची पट्टी, घेतला. चाळीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली आहेत, हे आधीच सुचायला हवं होतं. नळीचा व्यास १९ मिलिमीटर आणि वर केसभर. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तेव्हा शंका नको. मोठ्या रायफलींवर एक इंची, २५.४ मिलिमीटरची नळी रूढ झाली, पण रिमफायरच्या, म्हणजे पॉइंट टू टूसारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलींच्या, दुर्बिणी बराच काळ पाऊण इंचीच राहिल्या. गोळी सुटतानाचा धक्का नावापुरता, त्यामुळे बारीक नळी चालून जाते आणि डोळाही भिंगाला चिकटवल्यासारखा जवळ नेता येतो. हीच दुर्बीण दणकेबाज रायफलीवर चढवली तर भुवई फुटायची.

पॉवर काढायला काहीच लागत नाही. दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर लांबून आयपीसकडे, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाकडे, पाहिलं की काचेत उजेडाची छोटी टिकली दिसते. पुढच्या भिंगाचा उघडा व्यास भागिले त्या टिकलीचा व्यास, की आली पॉवर. माझं गणित १६ भागिले ४. चार पट.

युद्धाआधीचा माझा सिद्धांत कोसळला तो दिव्याखाली. साध्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब पांढरंफटक पडतं. इथे ते निळसर-जांभळं दिसत होतं. म्हणजे भिंगावर लेप आहे. झाइस या जर्मन भिंगांच्या कंपनीतल्या स्माकुला यांनी ही युक्ती १९३५मध्ये शोधली खरी, पण साध्या, स्वस्त दुर्बिणींपर्यंत ती युद्धानंतरच पोचली. दुर्बीण मागाहून आली होती तर!

दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे स्क्रू सैल केले आणि नळी सरकवली. कडीने झाकलेल्या भागात अक्षरं होती. खडूची पूड चोळून फडक्याने पुसल्यावर वाचता आली : वीव्हर, एल पासो, टेक्सस, आणि मॉडेल बी ४. वीव्हर कंपनी १९३०मध्ये केंटकीत सुरू झाली आणि तीनच वर्षांत एल पासोला गेली. नाव इतके दिवस कडीखालीच होतं, मी उगाच बाकी नळी घासत बसलो.

एक कोडं उरलं होतं. आतली नेम धरायची फुली मधोमध नव्हती, डावीकडे खाली झुकलेली. मला वाटलं, तार निखळली. पण जुन्या दुर्बिणींत नेम जुळवायचा स्क्रू फिरवला की दृश्यात फुलीच सरकते. ती कायम मध्ये दिसण्याची सोय पुढची. म्हणजे कुणीतरी स्क्रू पार टोकापर्यंत फिरवला होता. का, ते पकडीची पट्टी काढल्यावर कळलं. रायफलीच्या अंगाला दोन भोकं हाताने पाडलेली, त्यातलं पुढचं तिरकं. तिरकस बसलेल्या पट्टीची भरपाई बिचारी फुली करत होती. पट्टीखाली पत्र्याची नखाएवढी चकतीही निघाली, कात्रीने कापलेली.

बायकोला दाखवलं. "अहो, बाबांनी कधी कारागिराला हात लावू दिलाय का कशाला?" ती म्हणाली.

चकती होती तिथेच परत ठेवली आणि पट्टी आवळली. तिरकं भोक बुजवून नवं पाडायचा विचार तासभर केला, मग ड्रिल उचलून ठेवून दिलं. आता झिरो, म्हणजे फुली आणि गोळी एकाच जागी आणणं, नव्याने करायचा, तोही ५० यार्डांवर. रिमफायरच्या दुर्बिणी सहसा त्याच अंतराच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. फुली कोपऱ्यात राहील, राहू दे.