गळ्यातली बाटली

आज कॅन्सरच्या केमोची सहावी सायकल. फॉलफॉक्स नावाचं औषधांचं मिश्रण. चार तास खुर्चीत, आणि पुढचे ४६ तास ही छोटीशी बाटली गळ्यात. आतला फुगा हळूहळू आकसत जातो आणि औषध पोर्टमधून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, शिरेत. टॅक्सीवाल्याने विचारलं, "साहेब, हे नवीन काय?" म्हटलं, नवीन फॅशन.

जूनमध्ये 'चौथी स्टेज, लिव्हरमध्ये दोन गाठी' ऐकलं तेव्हा मी घरी येऊन आधी एलआयसीची फाइल काढली होती. बायको अजून चिडवते.

आज परळला हॉस्पिटलात शेजारच्या खुर्चीपाशी बार्शीच्या एक आजी. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्यात, मालकांना घेऊन. मी सवयीने स्टीलचा ग्लास उचलला आणि बोटांत सुया टोचल्या. फॉलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची ही खोड, गार काही सोसत नाही. आजींनी न विचारता थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं. "फ्रीजला हातमोजं घालूनच हात लावायचा, बाळा. आमच्या मालकांनी एक डाव तसाच लावला, आन् आईची आठवण काढली." मालक मान हलवत हसले. त्यांची पोटावरची शौचाची पिशवी आजी स्वतः बदलतात, आणि त्याबद्दल भाकरी थापण्याइतक्या सहज बोलतात. मी दोन महिने 'पिशवी' हा शब्दसुद्धा टाळत होतो.

हो, मुख्य बातमी राहिलीच. गाठी लहान झाल्यात. आणखी आकसल्या तर सर्जन ऑपरेशनचा विचार करणार. 'तर' आहे, पण जूनमध्ये तोही नव्हता.

बाटली गुरुवारी निघेल. तोवर फोन करा, झोप येत नाहीये.