आधी घाट, मग समुद्र, मग पुन्हा घाट

पुण्याहून सायकलनं कोकणात जायचं तर घाटमाथ्यापुढं उतारच उतार. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात, हा हिशोब अंगाशी येतो. इथं वस्ती खाडीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीला. मध्ये सांताक्रूझची डोंगररांग आणि पलीकडे पॅसिफिक. जाताना एक घाट, येताना दुसरा, आणि दुसरा जास्त मोठा. त्यामुळे एका दिवसाच्या या सायकल सहलीची सगळी आखणी परतीच्या चढाकडे बघून करायची.

मार्ग असा: वुडसाइड, ओल्ड ला होंडा रोड, हायवे 84, सॅन ग्रेगोरिओ, हायवे 1, ट्यूनिटास क्रीक रोड, किंग्ज माउंटन रोड आणि परत वुडसाइड. साधारण 60 किलोमीटर, एकूण चढाई 1,200 मीटरच्या आसपास. थांबे धरून सहा तास हातात ठेवा.

गाडी नसेल तर कॅलट्रेन या लोकल रेल्वेनं रेडवूड सिटी स्टेशन, तिथून वुडसाइड आठेक किलोमीटर. सायकलींसाठी वेगळा डबा असतो. तिथं सायकली एकमेकींना टेकवून लावतात, म्हणून कुठं उतरायचं ते लिहिलेला टॅग सायकलला अडकवायचा. या दाटीत मागच्या डीरेलरवर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दुसऱ्या सायकलचा भार येऊन त्याचा हँगर, म्हणजे त्याला सायकलच्या सांगाड्याशी जोडणारा तुकडा, आत वाकू शकतो. सपाटीवर काही कळत नाही. पहिल्याच खड्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डीरेलर चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकतो आणि दिवस तिथंच संपतो. स्टेशनबाहेर मागचं चाक उचलून हलक्या गिअरवर पॅडल हातानं फिरवून बघा. डीरेलर आणि आऱ्यांमध्ये फट दिसली पाहिजे.

दुसरी तपासणी ब्रेकची. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढचा असतो. अमेरिकेत उजवा मागचा आणि डावा पुढचा. उधारीची किंवा भाड्याची सायकल असेल तर घाटात हा शोध लागू नये.

ओल्ड ला होंडा 5.4 किलोमीटरचा, सरासरी चढ 7.3 टक्के, उंची वाढते 390 मीटर. रस्ता अरुंद, रेडवूडच्या उंच झाडांच्या सावलीतला, वाहनं तुरळक. स्थानिक मंडळींमध्ये हा अर्ध्या तासात चढण्याची चढाओढ असते. त्यात पडू नका, पाऊण तास खुशाल लावा. पुढं 34 आणि मागं 34 दातांचं चक्र असेल तर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण 2.1 मीटर सरकते, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर. मागं 28 दातच असतील तर त्याच फेऱ्यांना ताशी नऊच्या वर वेग लागतो. तो टिकवता आला नाही की फेऱ्या मंदावतात, गुडघे दुखतात, आणि त्याची वसुली परतीच्या ट्यूनिटास चढावर होते.

माथ्यावर स्कायलाइन हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता ओलांडून पश्चिमेला उतरा. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि त्यानंतर दरडींमुळे रस्ते महिनोन् महिने बंद राहू शकतात. सॅन मटेओ काउंटीची सूचना निघण्याआधी बघा. 84 वर शनिवार-रविवारी मोटारसायकलींची वर्दळ असते. मागून येणाऱ्या वाहनानं किमान तीन फूट अंतर ठेवून ओलांडायचं असा इथला कायदा आहे, 2014 पासून. आपल्यासाठी नियम स्टॉप साइनचा: पाय टेकवायची सक्ती नाही, पण चाक पूर्ण थांबलंच पाहिजे. वुडसाइडच्या बाजूला दंड होऊ शकतो.

सॅन ग्रेगोरिओला 1889 पासूनचं जनरल स्टोअर आहे. दोन्ही बाटल्या इथं भरून घ्या, पुढं परतीच्या माथ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. भूक नसली तरी खा. पिठूळ-गोड काहीतरी, तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकांच्या हिशोबानं.

समुद्र इथून दीड किलोमीटरवर. उन्हाळ्यात आतल्या बाजूला 32 अंश असताना किनाऱ्यावर 14-15 आणि दाट धुकं असू शकतं. समुद्राचं पाणी थंड, आतली जमीन तापलेली, म्हणून दुपारी वायव्येचा वारा सुटतो. घामेजल्या अंगानं वाळूवर अर्धा तास बसलं की पाय गारठून आखडतात. वाराविरोधी पातळ जाकीट म्हणूनच घ्यायचं. आकाश स्वच्छ हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

दुकानापाशी परत येऊन स्टेज रोडचा छोटा चढ चढलात की हायवे 1 लागतो. तिथून उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याला तोंड देत, उतार. ट्यूनिटासचं उजवं वळण भर वेगात समोर येतं. आधीच वेग आवरा.

ट्यूनिटास सुमारे पंधरा किलोमीटरचा. सुरुवात गोड, मधले काही किलोमीटर 9-10 टक्के, वरचा भाग पुन्हा सुसह्य. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधी उतरवून ठेवा. पंक्चर झालं तर नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. मोटारींच्या फुटक्या टायरमधली केसाएवढी तार अडकलेली असते, ती राहिली की नवी ट्यूबही जाते.

किंग्ज माउंटनचा उतार वळणावळणांचा. सावलीत रेडवूडच्या ओल्या काड्या पसरलेल्या असतात, त्यामुळे ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. थकल्यावर जुनी सवय डोकं वर काढते, ती इथंच: फोटोसाठी थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना सायकल आपोआप डावीकडे जाते. गाड्या इथं उजवीकडून चालतात, आणि पुढचं वळण आंधळं असतं.