डांगरीवरची भोकं

कापडी कोलाज करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक पिशवी पुढे सरकवत बहुधा एकच सांगतं, "खराब झालेलं तेवढं काढून टाका." ही मुलगीही तेच म्हणाली. वडील जन्मभर गॅरेजमध्ये मेकॅनिक, आता निवृत्त. त्यांच्या जुन्या डांगऱ्यांतून, म्हणजे कामावरच्या जाड सुती कपड्यांतून, त्यांचंच चित्र हवं होतं. डाग मात्र नकोत. डाग काढले तर फारसं काही उरणार नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

पिशवी उपसली तर निळ्याच्या केवढ्या छटा! गुडघे पार पांढुरके, पाठ आभाळी आणि वरून शिवलेला खिसा उसवला की त्याखाली नवाकोरा गडद निळा. ऊन आणि धुण्याचा ब्रश तिथवर पोहोचलेलेच नसतात. चेहऱ्याची सावलीतली बाजू मी अशा दडलेल्या तुकड्यांतून काढली, नाकाचा शेंडा गुडघ्याच्या कापडातून. त्याआधी प्रत्येक कापडाचा एकेक धागा जाळून पाहिला. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टरची कडक गोळी होते. तुकडे चिकटवायला खाली इस्त्रीने वितळणारी जाळी घालून वरून गरम इस्त्री फिरवायची, तर हे आधी कळलेलं बरं.

तुकडे नुसते टाचण्यांवर होते, तेव्हा मुलीबरोबर तिचे वडील, काका, स्वतःच पाहायला आले. बराच वेळ काही बोलेनात. मग बाजूला काढलेल्या ढिगातली एक बाही उचलली. तिच्यावर बारीक बारीक भोकं होती. कसर सुती कापडाच्या वाटेला सहसा जात नाही, त्यामुळे ती भोकं कशाची हे कोडं मलाही पडलेलंच होतं.

"बॅटरीचं ॲसिड," काका म्हणाले. "उडतं तेव्हा कळत नाही, ताई. धुतलं की भोक पडतं. ही डावी बाही."

मग टेबलावरच्या चित्राकडे बोट करून मुलीला म्हणाले, "आणि हा कोण? हा तर ऑफिसातला साहेब दिसतोय."

बापलेकीची जुंपली. डाग लावून भिंतीवर टांगायचं, लोक काय म्हणतील, वगैरे. मी मध्ये पडणार नव्हते, पण राहवलं नाही. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, चित्रात चिकटवलं, भोवती चौकटीऐवजी दोर लावला, हे तिला सांगितलं. तिच्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. वडील बाही हातातून सोडत नाहीत म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली.

ती बाही चित्रात आली. भोकांच्या कडा उसवत जाऊ नयेत म्हणून पाठीला अस्तर दिलं, तेही मुद्दाम काळं, म्हणजे भोकं दिसावीत. ग्रीसच्या डागांनी खरा त्रास दिला. तेलकट कापडावर जाळी नीट धरत नाही, कडा सुटतात. शेवटी तेवढा भाग धावदोऱ्याने शिवला. टाके दिसतात, पण मला ते तिथे शोभतात असं वाटतं. आधीची स्वच्छ मांडणी मलाही जरा गुळगुळीतच वाटत होती.

चित्र न्यायला दोघं आली. उरलेल्या निळ्या चिंध्यांवर माझा डोळा होता. अशी निळाई विकत मिळत नाही. तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "सुती आहे, ऑइल मस्त टिपतं," म्हणाले आणि पिशवी काखेत मारून निघाले.