ओनरशिपचा सिनेमा

मुंबईत नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "जागा स्वतःची की भाड्याची?" माणूस करतो काय, हे त्यानंतर. माझं लहानपण गिरगावात पागडीच्या दोन खोल्यांत गेलं. लग्नानंतर पाच वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाडं हलवली आणि मग एकदाचा गोरेगावात ओनरशिपचा ब्लॉक झाला. त्यामुळे हा प्रश्न मला सिनेमाबाबतही पडला तर नवल नाही. आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात दोनशे-सव्वादोनशे डिस्क आहेत, त्या माझ्या ओनरशिपच्या. टीव्हीच्या आत इंटरनेटवरून महिन्याच्या वर्गणीत जे काही येतं ते सगळं लीव्ह-लायसन्सचं. आणि भाड्याची डिस्क? ती आता मिळत नाही. मला हवी असते नेमकी तीच.

भाड्याचा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो चाळीतच. वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता यायचा. माणूस तो खांद्यावरून तीन जिने चढवून आणायचा, वायरी जोडायचा आणि 'हेड खराब करू नका' (हेड म्हणजे व्हीसीआरमधला कॅसेट वाचणारा भाग) असा दम देऊन निघून जायचा. सोबत चार कॅसेट. पहिल्या कॅसेटला गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची. तिसरीपर्यंत निम्मी चाळ भिंतीला टेकून घोरत असायची, पण बंद करू या असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. रात्रीचं भाडं भरलेलं होतं ना! चौथी कॅसेट संपायची तेव्हा खाली दूधवाल्याची सायकल वाजायची.

मुंबईला या व्यवहाराची सवय होतीच. शेमारू या कंपनीने १९६२ मध्ये इथे पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरुवात केली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला घेतल्या. वाचून परत, तसं बघून परत. 'लायब्ररी' हा शब्दही पुस्तकांवरून जसाच्या तसा कॅसेटवर आला आणि पुढे डिस्कवरही राहिला. "लायब्ररीत जाऊन सिनेमा घेऊन ये," असं आम्ही अगदी सहज म्हणायचो.

गोरेगावातली आमची लायब्ररी म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत काका, एक ट्यूबलाइट, एक लांबट वही आणि प्लास्टिकच्या पाकिटांत व्हीसीडी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या सिनेमाच्या सीडी. सिनेमाची मूळ वेष्टनं काकांच्या घरी, पाकिटावर नुसती झेरॉक्स. एका व्हीसीडीवर मावायचं तासा-सव्वा तासाचं, त्यामुळे हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन तुकड्यांत यायचा. मध्यंतर कुठे करायचं हे दिग्दर्शकाऐवजी डिस्कच ठरवायची. नायक गच्चीवरून उडी मारायचा, तो हवेत असतानाच पडदा निळा. मग कुणीतरी उठून दुसरी डिस्क लावेपर्यंत बिचारा तसाच लटकलेला. चित्र तर काय, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पावसाचं गाणं लागलं की पाऊस कमी आणि चौकोनच जास्त पडायचे.

परत दिलेली डिस्क काका ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघायचे. मग शर्टाच्या आतल्या बाजूने पुसायचे, मधून कडेकडे, सरळ. मी एकदा गोल-गोल पुसायला गेले तर हातातून काढूनच घेतली. मधून कडेकडे गेलेला ओरखडा एखादवेळी प्लेअर सांभाळून घेतो, गोलाकार ओरखडा त्याला झेपत नाही, हे मला कुठल्या मॅन्युअलने नाही, काकांनी शिकवलं. आणखी एक गोष्ट त्यांच्याच काउंटरवर लक्षात आली. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे सिनेमाची सुरुवात मधल्या भोकापाशी आणि शेवट कडेला. माणसं डिस्क धरतात कडेलाच. त्यामुळे अख्ख्या गोरेगावची बोटं क्लायमॅक्सवर उमटलेली असायची आणि सिनेमा अडकायचा तो हमखास खुनी कोण हे कळायच्या बेतात.

भाडं वीस रुपये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत. सात वाजून गेले की काका वहीतून मान वर न करता म्हणायचे, "दोन दिवसांचे पैसे होतात." कुणी आजारी असो, कुणाकडे पाहुणे येवोत, उत्तर तेच.

त्या वीस रुपयांत काहीतरी होतं. सिनेमा भिकार निघाला तरी आम्ही उठत नसू. वीस रुपये काही फार नव्हते, पण सोडून द्यावेत इतके थोडेही नव्हते. पहिला अर्धा तास शिव्या घालत काढायचा आणि मग कधीतरी शिव्या थांबलेल्या असायच्या. नाव न ऐकलेले, कुणी न सुचवलेले, काकांनी "हे न्या, बरं आहे" म्हणून हातात कोंबलेले कितीतरी सिनेमे मी असे पाहिले. आपल्याला काय आवडतं हे पन्नाशी उलटल्यावर जे थोडंफार कळतंय, ते त्या वीस रुपयांच्या भिडेमुळे.

मग ओनरशिप स्वस्त झाली. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. किराणा दुकानात, स्टेशनबाहेर, औषधवाल्याच्या काउंटरवर. वीस रुपये देऊन उद्या परत करायची ती चौतीसला कायमची मिळत असेल तर जिन्याखाली कोण जाणार? मीही नाही गेले, खोटं कशाला बोलू. पिशव्या भरभरून आणल्या. मुंजीत, डोहाळजेवणात नाटकांच्या डीव्हीडी वाटल्या, आपल्यालाही मिळाल्या. त्यातल्या कित्येकांचं वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही. कधीही बघता येईल असा सिनेमा कधीच बघून होत नाही. काकांनी दोनेक वर्षांत वही मिटली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

होम थिएटरचं वेड त्यानंतरचं. बँकेतल्या एका एरिअर्समधून लॅमिंग्टन रोडवरून पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज घुमवणारा डबा, आणला. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात पाच स्पीकर बसवणं म्हणजे आठ जणांच्या कुटुंबाला झोपायला जागा करून देणं. पुढचे तीन टीव्हीच्या कडेला लागले. मागचा उजवा फ्रिजवर. मागच्या डाव्याला कुठेच जागा होईना, शेवटी तो देवघरावरच्या फळीवर चढला. युद्धाच्या सिनेमात हेलिकॉप्टर आमच्याकडे गणपतीच्या मागून येतं. यजमानांना यातलं काही कळत नाही. ते शेजारी बसून मोबाइलवर क्रिकेट बघतात, तेही आवाज बंद करून.

पण ज्याला कळतं त्याला फरक कळतोच. मुलगा म्हणतो, "आई, नेटवरच्या त्या फोरकेवरच बघ की, एवढी डिस्क कशाला?" फोरके म्हणजे जास्त ठिपक्यांचं, बारीक चित्र. त्याला मी हिशेब घालते. आपल्याकडे इंटरनेटच्या वायरीतून येणारं फोरके चित्र साधारण सेकंदाला पंधरा मेगाबिटचं. म्हणजे दोन तासांचा सिनेमा चौदा-एक जीबीत कोंबलेला. साधी, फोरके नसलेली ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, पन्नास जीबीपर्यंतची असते, तिच्यावर चित्राला चाळीस मेगाबिटपर्यंत मोकळीक. फोरकेची डिस्क तर सहासष्ट नाहीतर शंभर जीबीची. ठिपके किती हे खोक्यावर छापतात. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला काय आलं, ते कोण छापणार? उजेडातल्या प्रसंगांत लपून जातं. पण रात्रीचं दृश्य आलं, धुकं आलं, की वायरीतल्या सिनेमात अंधार अंधारासारखा राहत नाही. त्याचे थर पडतात, कडा उमटतात, जुलैत बेडरूमच्या भिंतीला ओल आल्यावर उमटतात अगदी तशा. ती ओल एकदा दिसायला लागली की मग हिरोकडे लक्ष राहत नाही.

आवाजाचं त्याहून वाईट. वायरीतून येणारा पाच-पूर्णांक-एक, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा, आवाज शेकड्यांतल्या किलोबिटांचा, पिळून काढलेला. डिस्कवर डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर असतो, स्टुडिओत केला तसाच, काही न गाळता. माझ्याकडे संध्याकाळी खालून भाजीवाला ओरडतो आणि शेजारच्या घरी कुकरच्या चार शिट्ट्या होतात, त्यामुळे हा फरक रात्री अकरानंतर ऐकावा लागतो. अकरानंतर खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येतात. "वहिनी, तुमच्याकडे रात्रीची गिरणी चालते का?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. सबवूफर दिवाणाखाली होता, म्हणजे नेमका त्यांच्या पलंगाच्या डोक्यावर.

ओनरशिपला मेंटेनन्स असतो हेही मुंबईकराला सांगायला नको. पावसाळ्यात कव्हरांवर पांढरी बुरशी धरते, ती चार महिने पुसत बसायची. भाचा अमेरिकेहून हौसेने डिस्क आणतो आणि त्या इथे लागत नाहीत. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, त्या वाटणीत आपण पाचव्या रीजनमध्ये, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेमध्ये ते ए, आपण सी. दुसऱ्या गावचं रेशनकार्ड घेऊन इथल्या दुकानात गेल्यासारखं. फोरकेच्या डिस्कला ही कटकट नाही, पण त्यांची किंमत ऐकली की यजमान क्रिकेटमधून मान वर करतात.

लीव्ह-लायसन्सवाल्यांचा मालक मात्र कधीही जागा खाली करायला सांगतो. एका रविवारी अर्धा पाहिलेला सिनेमा पुढच्या रविवारी त्या यादीतून गेलेला. नोटीस नाही, काही नाही. इंटरनेटवर 'खरेदी' म्हणून पैसे घेतात तीही परवानगीच, जागा त्यांच्याच नावावर. आणि इतकं सगळं समोर असताना मी करते काय? रात्री जेवणं झाल्यावर चाळीस मिनिटं नुसती पोस्टरं सरकवत बसते. एखादा लावते, दहा मिनिटांत सोडते, दुसरा लावते. महिन्याचे पैसे एकदाच गेलेले, या सिनेमासाठी म्हणून वेगळे असे काहीच नाहीत. भीड वाटणार कुणाची?

म्हणून म्हणते, मला हवी होती ती भाड्याची ब्लू-रे. एक तर ही डिस्क न पाहिलेल्या सिनेमासाठी आंधळेपणाने घ्यावी इतकी स्वस्त कधी झालीच नाही. त्यामुळे ओनरशिपच्या कपाटात सगळे आधी पाहिलेले, आवडलेले सिनेमे जमतात. नवं काही शिरतच नाही. भाड्याने मिळाली असती तर चित्रही मिळालं असतं आणि धोकाही. पण ब्लू-रे निघाली २००६ मध्ये आणि ती आमच्या उपनगरात पोचेपर्यंत जिन्याखालच्या वह्या मिटत आल्या होत्या. आता नव्याने कुणी काढेल म्हणावं तर सिनेमा भाड्याने द्यायचा हक्कही कायद्याने हक्कदाराकडेच. डिस्कवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलेलं असतंच. नेटफ्लिक्स अमेरिकेत लाल पाकिटांतून पोस्टाने डिस्क पाठवायचं, ते सप्टेंबर २०२३ पर्यंत. आपल्याकडे ते जानेवारी २०१६ मध्ये आलं ते पाकिटाशिवायच. त्याच वर्षी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या संगीताच्या आणि सिनेमाच्या डिस्कच्या दुकानाचं शटर खाली आलं. तिथे मी विकत फार थोडं घेतलंय, पण उभ्या-उभ्या चाळलंय भरपूर.

परवा आजोबा पुन्हा वर आले. रात्रीची गिरणी. मी सबवूफरचा आवाज कमी करेपर्यंत ते कपाटासमोर उभे. चष्मा कपाळावर, नाक काचेला. डोहाळजेवणात मिळालेली एक नाटकाची डीव्हीडी त्यांना दिसली. प्रयोग त्यांनी शिवाजी मंदिरला पाहिला होता म्हणे, बायकोबरोबर. "एक दिवस देता का?" मी म्हटलं, न्या की. पण त्यांच्याकडे प्लेअर नव्हता. मग मी माझाच काढला, एचडीएमआयची वायर गुंडाळली, रिमोट घातला आणि कापडी पिशवीत भरून खाली जाऊन जोडून दिला. 'हेड खराब करू नका' एवढंच म्हणायचं राहिलं.

"भाडं किती?" ते हसून म्हणाले.

"उद्या संध्याकाळी सातपर्यंत."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्यांचा फोन. अजून निम्मं राहिलंय, दुपारी डोळा लागला, आठवडाभर ठेवू का?

"दोन दिवसांचे पैसे होतात," माझ्या तोंडून गेलं.

साडेनऊला पिशवी दाराशी आली. नाटक पूर्ण पाहिलं होतं, शेवटाला थोडं अडकत होतं म्हणाले. रिमोट मात्र पिशवीत नव्हता.