पट्ट्यांवर फुलं कशी चालतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "पट्ट्यांचा शर्ट, फुलाफुलांचा स्कार्फ, वर चौकडीचं जॅकेट, तरी भडक दिसत नाही. हे जमतं कसं? आणि इतके कपडे आणता कुठून?" हा प्रश्न मला सारखा येतो.

कपडे फार नाहीत, रोजच्या वापरातले दहा-बारा. त्यातला सगळ्यात जास्त राबतो तो निळ्या बारीक पट्ट्यांचा पांढरा शर्ट. चार पावलं लांबून तो फिकट निळा, एकरंगीच दिसतो. म्हणून त्याच्यावर मोठी फुलं खपून जातात. फुलंही बारीक आणि पट्टेही बारीक असतील तर नजरेला टेकायला जागाच उरत नाही, अंगावर काहीतरी वळवळतंय असं वाटतं. तेव्हा आधी नक्षीचा आकार बघायचा: एक मोठी, एक बारीक. तिसरी घ्यायचीच असेल तर मधे एकरंगी स्वेटर घालते, म्हणजे दोन नक्ष्या एकमेकींना थेट भिडत नाहीत.

मग रंग. माझ्या स्कार्फात पाच रंग आहेत, त्यातला एक शर्टाच्या पट्ट्यांचा निळा. तेवढी एक ओळख पुरते. बाकीचे चार काहीही असोत.

पण जपून राहायचं ते पांढऱ्यापासून. माझा एक मोतिया टॉप एकटा घातला की फार सुंदर दिसतो. शुभ्र शर्टावर चढवला की तोच मळका वाटतो, मी तर एकदा तो पुन्हा धुवायलाही टाकला होता! असं का होतं, ते मला पुढे वाचनात सापडलं. फ्रान्समधल्या गोब्लँ या चित्रं विणलेले पडदे बनवणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर दोष काळ्यात नव्हताच, तो शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे फिका भासत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात, हे त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडलं. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, मी कुठलाही कपडा एकटा बघून ठरवत नाही. दोन्ही कपडे पलंगावर शेजारी ठेवते आणि दारापर्यंत मागे जाऊन बघते. तरीही शंका राहिली तर फोटो काढून तो कृष्णधवल करते. दोन्ही नक्ष्या एकाच करड्या रंगात मिसळल्या, तर त्यातली एक बदलते.

थरांचं गणित सोपं आहे: आत पातळ, बाहेर जाड. अडतं ते काखेत. जॅकेट साध्या टी-शर्टवर घालून बघितलं आणि घेतलं, की आत शर्ट-स्वेटर आल्यावर हात वर होत नाही. अस्तर गुळगुळीत असेल तर आतली बाही गोळा होत नाही. स्वेटरखालून शर्टाचा काठ दाखवायचा असेल तर चांगली दोन बोटं दिसू द्या. अर्धं बोट दिसलं तर चुकून राहिल्यासारखं वाटतं. आणि जॅकेट काढावं लागलं तर खालचं सगळं तेवढंच नीट दिसलं पाहिजे, हे मी घरातून निघण्याआधीच बघते.

नवीन काही घ्यायला जाताना मी तो पट्ट्यांचा शर्ट घालूनच जाते. त्याच्यावर जे शोभत नाही, ते कितीही आवडलं तरी परत ठेवते.